सात कर्नाळे उंचीचा देव

वैशाखातल्या भर दुपारी पनवेलच्या बंदरावर कोणी थांबत नाही. कुत्रीसुद्धा उपड्या घातलेल्या होड्यांच्या सावलीला जाऊन पडतात. अशा एका दुपारी माझे सासरे घरी आले होते आणि त्यांना पन्ह्यात बर्फ हवा होता, म्हणून मी टॉवेल आणि डबा घेऊन बंदरालगतच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. आत पाहतो तो लोकरीची कानटोपी, एकावर एक दोन सदरे, वरून घोंगडी आणि पायात जाड लष्करी मोजे अशा थाटात साठीचा एक माणूस बर्फाच्या लादीवर मांडी ठोकून बसलेला. मला आधी वाटलं, याला कोणी तरी शिक्षा केली आहे. जवळ गेलो तर आमचे शेजारी जोमाकाका. डोळे मिटलेले, दात कडाकडा वाजत होते आणि त्या वाजणाऱ्या दातांतून आकडे बाहेर पडत होते.

मासळीसाठी बर्फ न्यायला आलेली एक कोळीण कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने माझ्याकडे तक्रार केली, "मास्तर, याला उठवा तुमी. माजं म्हावरं उनात पडलंय, आन् यो माज्याच लादीवर बसलाय."

काकांनी एक डोळा उघडला. मला ओळखलं. "अडीचशे झालं, मास्तर," ते म्हणाले. "तीनशे झालं की उठतो. बद्रीनाथची हवा अंगात भरून घेतोय."

तीनशे झाल्यावर ते उठले खरे, पण त्यांची घोंगडी लादीला चिकटून बसली होती. ती सोडवायला मी, कोळीण आणि कारखान्याचा माणूस असे तिघे लागलो. त्या गडबडीत मी बर्फ घ्यायचाच विसरलो आणि सासऱ्यांना पन्हं बिनबर्फाचं प्यावं लागलं.

जोमाकाका धंद्याने मापाडी. पनवेलच्या तांदूळबाजारात त्यांची पायली चाळीस वर्षं फिरत होती. मूळ गाव खाडीकाठचं, घरचं मीठ पिकवणाऱ्यांचं, पण काकांनी लहानपणीच मिठागर सोडून बाजार धरला आणि आमच्या आळीत घर केलं. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. तांदूळ मापताना त्यांचा हात पायलीवरून असा फिरायचा की घेणाऱ्याला वाटावं जरा कमी आलं, देणाऱ्याला वाटावं जरा जास्त गेलं, आणि पुन्हा मापून पाहावं तर तितकंच. त्यांच्या मुठीवर तर पैजा लागत. पोत्यात हात घालून त्यांनी दहा वेळा मूठ भरावी आणि दहाही मुठी वाण्याच्या काट्यावर सारख्या उतराव्यात. मी गणित शिकवणारा माणूस, पण माझ्या बेरजेवर आळीत कोणाचा जितका विश्वास नव्हता तितका काकांच्या मुठीवर होता. याचं मला थोडं वाईट वाटत असे, हे कबूल करतो.

मापाड्यांच्या रीतीप्रमाणे ते पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. ही सवय बाजारापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण घराच्या पायऱ्या उतरतानाही लाभ, दोन, तीन. औषधाची गोळी घेतली तरी लाभ. मुलं किती असं कोणी विचारलं तर काका गंभीरपणे सांगत, लाभ. हा लाभ म्हणजे त्यांचा मुलगा नामदेव, बंदरावर नोकरीला होता. नवखा माणूस त्या उत्तरावर बावचळून जाई.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्याबद्दल ते बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. घरात नामदेव, सून आणि काका. सगळं व्यवस्थित होतं. अशा व्यवस्थित माणसाच्या डोक्यात बद्रीनाथ शिरला तो एका बैराग्यामुळे. हा बैरागी बल्लाळेश्वराच्या देवळात चार दिवस मुक्कामाला होता. त्याने सांगितलं की बद्रीनाथ फार उंचावर आहे, तिथली थंडी हाडं फोडते आणि हवा पातळ आहे. काकांना भक्तीपेक्षा या मापांनीच धरलं असावं. पातळ म्हणजे किती पातळ, हे त्यांनी बैराग्याला तीनतीनदा विचारलं. ताकासारखी की पाण्यासारखी? बैराग्याने मुक्काम हलवला.

मग ते माझ्याकडे आले. उंची किती, एवढं सांगा म्हणाले. आता इथे चूक माझीच झाली. मी शाळेतलं भूगोलाचं पुस्तक काढलं, आकडा पाहिला आणि फुटांत सांगून त्यांना काही कळेना, म्हणून सहज बोलून गेलो की आपला कर्नाळा किल्ला आहे ना, असे साधारण सात कर्नाळे एकावर एक ठेवा, म्हणजे बद्रीनाथ.

काका उठले, सात कर्नाळे, सात कर्नाळे असं पुटपुटत गेले आणि पुढच्या रविवारी पहाटे डोक्यावर गाठोडं घेऊन माझ्या दारात उभे राहिले. गोव्याच्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीने आम्ही कर्नाळ्याला उतरलो. गाठोड्यात यात्रेला न्यायच्या सामानाच्या वजनाइतका तांदूळ होता. मी मोकळ्या हाताने चढत होतो तरी माझी जीभ बाहेर आली, आणि काका पुढे लाभ, दोन करत पावलं मोजत होते. वर सुळक्याखाली बसून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, लाभ कर्नाळा झाला. असे आणखी सहा रविवार ते एकटेच गेले. सातव्या रविवारी संध्याकाळी मला पेढा आणून दिला. मी विचारलं कसला, तर बद्रीनाथला पोचलो म्हणाले.

मी शिक्षक, मला राहवेना. मी म्हटलं, "काका, दर रविवारी तुम्ही खाली उतरता आणि पुन्हा चढता. अशाने सातांची बेरीज कशी होईल?"

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, खंडीभर तांदूल मापताना पायली भरून ओततो, मंग ती मोकली होऊन मागं येते. मोकली पायली कोन मोजतो का?"

मी पेढा तोंडात टाकला.

थंडीची सोय बर्फाच्या कारखान्यात झाली. पातळ हवेसाठी वडाळे तळ्यात बुडी मारून श्वास कोंडायचा सराव सुरू झाला. काठावर बसून आकडे मोजायचं काम माझं. मी एकापासून सुरुवात केली की पाण्याखालून हात वर येई आणि रागाने हले, कारण मी लाभ म्हटलं नव्हतं. हे त्यांना पाण्याखाली ऐकू कसं जाई, देव जाणे.

माहिती गोळा करायची तऱ्हाही मापाड्याची. मोटार कुठपर्यंत जाते, हे त्यांनी तिघांना विचारलं: पूर्वी जाऊन आलेल्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरला, एसटी स्टँडवरच्या एका कारकुनाला आणि गंगेचं पाणी विकत दारोदार फिरणाऱ्या एका बुवाला. तिघांनी तीन गावं सांगितली. काका म्हणाले, तीन पायल्या भरल्या, तिन्ही वेगल्या, म्हंजे धान्यात खडे हायत. मग त्यांनी सर्वांत अलीकडचं गाव धरलं आणि तिथून चालायचं ठरवलं. फसलो तर चालणं वाचेल, असा त्यांचा हिशेब.

तेव्हा पनवेलला रेल्वे आलेली नव्हती. कल्याणपर्यंत एसटीने जायचं, तिथून पुढे गाडीने हरिद्वार. पहिल्या वर्षी काका निघाले तेव्हा अख्खी आळी स्टँडवर लोटली होती. त्या काळी अशा यात्रेला निघालेला माणूस परत येईलच असं कोणी धरून चालत नसे. म्हणून निघण्याआधी घरोघरी जाऊन, चुकलंमाकलं पोटात घाला, असं म्हणायची रीत होती. काकांनी ती चोख पाळली. सुनेने पाय धुतले, बायकांनी ओवाळलं, हार घातले. मी चार शब्द बोललो. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. सोमवारी सकाळी एसटी सुटली, आणि बुधवारी संध्याकाळी काका गाठोड्यासकट टपाल नाक्यावर उतरले.

कारण काय, तर गाडीसाठी कल्याणला मुक्काम पडला, तिथे त्यांनी गाठोडं काट्यावर घालून पाहिलं आणि ते घरच्या वजनापेक्षा शेरभर जास्त भरलं. शोधलं तेव्हा तळाशी लाडवांचा पुडा निघाला. सुनेने मायेने गुपचूप ठेवला होता. मापाबाहेरचं वजन घेऊन डोंगर चढायचा नाय, असं म्हणून काका माघारी आले. तोवर वाटेत अर्धे लाडू संपले होते आणि वजन बरोबर झालं होतं, हे मी त्यांच्या ध्यानात आणून दिलं. ते म्हणाले, आता मुहूर्त गेला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा घरोघरी चुकलंमाकलं. पुन्हा ओवाळायची तयारी. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी जाहीर केलं की सरकार शेर आणि पायली काढून किलो आणणार आहे, आणि अशा वेळी बाजार सोडून जाणं बरं नाही. किलो यायला अजून वर्ष होतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, येताना ते आपल्याला इचारून येनार हाय का?

तिसऱ्या वर्षी ते माफी मागायला निघाले तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याने मानही वर केली नाही. "काका, मागल्या दोन वर्षांची माफी अजून वापरलेली नाही. तीच चालवून घ्या," तो म्हणाला. आळी आता त्यांची थट्टा करू लागली होती. मीही करत होतो. संध्याकाळी पारावर बसून, हिमालयात चालणारा पण कल्याणला अडणारा यात्रेकरू अशी त्यांची नक्कल करून मी टाळ्या मिळवल्या आहेत. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

थट्टा केली तरी लोकांना त्यांच्याकडून एक काम हवं होतं. बद्रीनाथच्या देवळाजवळ ब्रह्मकपाल म्हणून जागा आहे, तिची गोष्टही त्या बैराग्यानेच पहिल्यांदा सांगितली होती. तिथे पिंड दिला की तो पितर कायमचा सुटतो, मग घरी दर भाद्रपदात त्याला जेवू घालायचं कारण उरत नाही, असं मानतात. आळीतल्या ज्याला त्याला आपापले पितर सोडवून घ्यायचे होते. काकांनी नाही म्हटलं नाही. नावं लिहायचं काम अर्थातच माझं, कारण माझं अक्षर चांगलं. वाण्याने आजा-पणजा दिले. समोरच्या शिंपिणीने नवऱ्याचं नाव दिलं आणि त्याचा पिंड जरा मोठा करा म्हणून सांगितलं, तो खाण्यात उणं सोसत नसे. एकाने आपल्या जिवंत चुलत्याचं नाव घालता येईल का, हेही विचारून घेतलं.

पिंडासाठी तिथे भात मिळतो, असं कंपाउंडरने सांगितलं होतं. पण काकांना ते पटेना. जन्मभर खाडीकाठचा तांदूळ खाल्लेल्या माणसांना तो डोंगरातला भात गळ्याखाली उतरायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. तांदूळ पनवेलहूनच न्यायचा ठरला. माणशी एक मूठ.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी काकांनी ओटीवर धोतर अंथरून मुठी भरायला घेतल्या. मी यादी घेऊन गेलो तेव्हा काम संपलं होतं आणि ते धोतराची टोकं आवळत होते.

"चालीस मुठी," ते म्हणाले.

मी यादीकडे पाहिलं. शेवटचा आकडा एक्केचाळीस होता.

तो आनंद काय वर्णावा. इतकी वर्षं ज्या मुठीने माझ्या गणिताला आळीत खाली पाहायला लावलं, ती मूठ आज चुकली होती. मी मुद्दाम सावकाश म्हटलं, काका, एक कमी भरली. ते म्हणाले, नाय भरली. मी म्हटलं, पुन्हा मोजा. त्यांनी न बोलता गाठ सोडली, सगळा तांदूळ पुन्हा मुठीमुठीने मापला. चाळीस. मी म्हटलं, मग मी नावं वाचतो, तुम्ही बोटं धरा. आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा खड्या आवाजात मी वाचत गेलो. वाण्याचा आजा, शिंपिणीचा नवरा, काकांचे वडील, आई, मिठागरात साप चावून गेलेला थोरला भाऊ. चाळीस नावं झाली आणि मी विजयी मुद्रेने शेवटचं वाचलं. ते नामदेवने आदल्या दिवशी येऊन मला सांगितलं होतं.

"एक्केचाळीस. चांगुणा जोमा."

काकांनी बोट धरलं नाही. धोतरावरच्या तांदळाकडे पाहत ते म्हणाले, "ते नाव खोडा, मास्तर."

नामदेव दारातच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "का खोडायचं, बाबा?" तो म्हणाला. "सगल्या आलीची मानसं सोडवनार, आन् माजी आय तेवडी लटकत ठेवनार? तिनं काय केलंय तुमचं?"

काका धोतरावरचे दाणे गोळा करत राहिले. नामदेव पायात वहाणा सरकवून बाहेर निघून गेला. मी यादी घडी करत बसलो. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं. उठावं तर उठवेना.

मग काकाच बोलू लागले. चांगुणाकाकू नवऱ्याआधी गेल्या, सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं पान भाद्रपदातल्या अविधवा नवमीला. त्या दिवशी काका सुनेला चुलीपाशी येऊ देत नाहीत. स्वतः करतात. बायको जिवंत असताना ज्याने कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो माणूस नवमीला वडे तळतो, खीर करतो, तिला आवडायची म्हणून भरली भेंडी करतो. पहिल्या वर्षी वडे दगडासारखे झाले होते तरी कावळा आला. मग परसात भिंतीपाशी उभं राहून ते वर्षभराचं काय काय ते तिला सांगतात. नामदेव कसा वागतो, सून कशी आहे, बाजारात काय चाललंय. तेवढा वेळ ती असते, असं ते म्हणाले. असते म्हणजे असतेच.

"वरसाचा येक दिस येते, मास्तर," ते म्हणाले. "तितं नेऊन कायमची सोडली, तं नवमीला कोन येल?"

ते पुढे म्हणाले, "आन् तिला सुटायचं असंल तं? नामदेव बोलतो ते खोटं नाय. मी तिला माज्या पायी अडकवून ठेवतोय का काय, हेच तीन वरसं माप लागत नाय. थंडीचं, वजनाचं, ते सगलं निमित्त."

मला एकदम सगळं दिसलं. बर्फाची लादी, सात कर्नाळे, तळ्यातल्या बुड्या, लाडवांचा पुडा. देवाला भेटायची ओढ खरी होती आणि देवापाशी गेल्यावर बायकोला निरोप द्यावा लागेल ही भीतीही खरी होती. त्या दोहोंच्या मध्ये हा माणूस तीन वर्षं बर्फावर बसून आकडे मोजत होता, आणि आम्ही पारावर बसून हसत होतो.

शास्त्रातलं मला काही कळत नाही. पण मास्तर म्हटलं की काहीतरी उत्तर द्यावं लागतं. मी यादी उघडली आणि विचारलं, "काका, या यादीत तुमचं नाव आहे का?"

"माजं कसं असंल? मी जिता हाय."

"मग तुमचं नाव पुढे कधीतरी नामदेव घेऊन जाईल. काकूंचंही तेव्हाच जाऊ द्या. शेजारीशेजारी लिहील तो. जोडीने जा."

काका तांदळात बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तवर ती थांबल?"

"तीस वर्षं तुमच्या घरात काढली त्यांनी. अजून थोडी थांबतील."

"आन् मी पंधरा वरसं जगलो तं?"

"तर पंधरा नवम्या," मी म्हटलं.

ते हसले. नुसते ओठांनी नव्हे, खांदे हलवून हसले, आणि धोतराची टोकं पुन्हा आवळून त्यांनी गच्च गाठ मारली. मी यादीतलं शेवटचं नाव खोडलं. संध्याकाळी बंदरावर जाऊन नामदेवला गाठलं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. तो कठड्याला टेकून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, बाबांनी आमाला कदी सांगितलं नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाचं गाठोडं त्याने स्वतः डोक्यावर घेतलं आणि स्टँडपर्यंत पोचवलं. निरोपाला आम्ही तिघंच होतो: नामदेव, सून आणि मी. बाकी आळी घरीच थांबली, कारण बुधवारी काका परत येणार याची सगळ्यांना खात्री होती.

बुधवार गेला. त्याच्या पुढचा गेला. ज्येष्ठ सरता सरता काका आले, उन्हाने काळे ठिक्कर पडलेले, दाढी वाढलेली, बोटभर वाळलेले, पण ताठ. आळीला आपली चूक कळली. लोक ओटीवर जमले. कसं होतं, किती थंडी, मोटार कुठवर गेली, बर्फ पाहिला का? काका म्हणाले, बरं झालं. थंडी होती. तुमची समद्यांची मानसं पोचली. आणि आंघोळीला गेले.

यात्रेचं मावंदं घातलं तेव्हाही तेच. शंभर पान उठलं, पण काकांच्या तोंडून बद्रीनाथ काही उठेना. कंपाउंडर खास भेटायला आला, स्वतःची यात्रा पुन्हा एकदा सांगून गेला. शिंपिणीने नवऱ्याचा पिंड मोठा केला होता का, ते विचारलं. केला म्हणाले, दीड मूठ, वरची अर्धी माज्या शिध्यातली. तेवढंच. खरं सांगायचं तर मी रागावलो होतो. ज्या यात्रेसाठी मी तळ्याकाठी बसून आकडे मोजले, एक कर्नाळा चढलो, तिच्याबद्दल मला दोन वाक्यं मिळू नयेत? मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग भाद्रपद आला, पितरांचा पंधरवडा लागला. आळीतल्या बऱ्याच घरांत त्या वर्षी पानं मांडली नाहीत, त्यांचे पितर सुटले होते. नवमीच्या दोन दिवस आधी काका आमच्या घरी आले आणि माझ्या बायकोला सवाष्ण म्हणून जेवायचं आमंत्रण देऊन गेले. मलाही या म्हणाले.

नवमीला दुपारी आम्ही गेलो. सून कोपऱ्यात बसून होती, चूल काकांनी धरली होती. वडे चांगले फुगले होते. माझी बायको पाटावर बसली, मी आणि नामदेव शेजारी. पानं वाढून झाली. कावळ्याने घास घेतल्याशिवाय जेवायचं नाही, म्हणून काका केळीच्या पानावर सगळं वाढून परसात गेले. आम्ही थांबलो. कावळा लगेच ओरडलेला ऐकू आला. म्हटलं, झालं. पण काका येईनात. खिरीवर साय धरली. माझ्या बायकोने दोनदा माझ्याकडे पाहिलं. शेवटी सून हळूच म्हणाली, मास्तर, तुमी बघा जरा, मामंजी कुठं अडकले.

मी मागच्या दाराशी गेलो. परसातल्या भिंतीवर पान होतं आणि पानाशेजारी कावळा. पण पानावर वडा नव्हता. वडा काकांच्या हातात होता. ते त्याचा नखाएवढा तुकडा मोडून कावळ्यापुढे ठेवत, तो खाई, मान वाकडी करून पाही, आणि तेवढ्या वेळात काका बोलत. सगळा वडा एकदम दिला असता तर तो घेऊन उडाला असता, हे मापाड्याला बरोबर माहीत होतं. पाठ माझ्याकडे होती. असा सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मोटार जिथे थांबली ते गाव, तिथून पुढची पायवाट, लाकडाचा पूल, पूल ओलांडताना झालेली तारांबळ. तीन महिने आळीतल्या एकालाही न सांगितलेलं सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं.

"मंग देऊल दिसलं," ते म्हणत होते. "आन् देवलाखाली, तुला खोटं वाटंल, जमिनीतना कढत पानी येतं. वर बरफ, आन् खाली कढत पानी. मी आंगोल केली. तुजं गुडगं दुकायचं ना, तुला तितं नेऊन बसवली असती."

कावळ्याने एक पाऊल पुढे टाकलं. काकांनी आणखी एक तुकडा मोडला.

मी हाक न मारता परत फिरलो. डोळे पुसायला दारामागे जरा थांबावं लागलं. सुनेने काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, आत्ता कुठे बद्रीनाथला पोचलेत, परतीचा रस्ता व्हायचाय. नामदेवने मान खाली घातली आणि समोरचं पान थोडं पुढे सरकवलं. आम्ही चौघं थांबून राहिलो.